काजूच्या युनिटमध्ये २५ टक्के भागी: 'हो' म्हणायच्या आधी तुम्ही स्वतःला काय विचारता?

रानजांभूळ | शनिवार, रात्री १०:१०

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा जांबोटीच्या बाजूचा, आता बेळगावात अनगोळला भाड्यानं राहतो. चौदा वर्षं उद्यमबागेत कारखान्यात व्हीएमसीवर (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आहे, आधी ऑपरेटर आणि आता सेटर. पगार वेळेवर होतो, पण पुढं काय ते दिसेना झालंय. गेल्या आठवड्यात मेव्हण्याच्या मित्रानं एक गोष्ट आणली. चंदगडच्या वाटेवर त्यानं काजूचं युनिट टाकलंय. शेड उभी आहे, मशिनं आलीत. सहा लाख घातले तर २५ टक्के भागी देतो म्हणाला. हे सहा लाख म्हणजे दोन भिशा, थोडं सोनं आणि आईनं म्हशी विकून ठेवलेले पैसे.

मला एक्सेल नको. ते मेव्हण्याच्या मित्राकडं आहे, आणि त्यात तिसऱ्या वर्षी मी लखपती होतो. मला एका चिठ्ठीवर मावतील एवढे साधे प्रश्न पाहिजेत. तुमच्यापैकी कुणी धंदा काढला असेल, कुणी नोकरी सोडली असेल, कुणी जमीन घेतली असेल. तेव्हा स्वतःला काय विचारलंत?

मी आतापर्यंत एकच विचारलाय: "हे सोडलं तर पाच वर्षांनी हळहळ वाटेल का?" उत्तर येतं, वाटेल. पण बुलेट घेतानाही हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हाही हेच उत्तर आलं होतं. त्यामुळं त्या प्रश्नावर आता भरवसा नाही.

टोलनाका | शनिवार, रात्री १०:१८

'मेव्हण्याचा मित्र' म्हटलंस तिथंच मी वाचायचं थांबलो. धागा बंद करा ओ.

चहाबटर | शनिवार, रात्री १०:३१

बुलेट विकली काय? किती मॉडेल?

उद्यमबागी | शनिवार, रात्री ११:०५

रानजांभूळ, तू आमच्याच गल्लीतला निघालास. माझं छोटं मशीन शॉप आहे, नऊ माणसं. माझा प्रश्न एकच, आणि तो मी मार खाऊन शिकलोय: पैसे कोण देणार आणि कितव्या दिवशी?

२०११ ला एका मोठ्या कंपनीची ऑर्डर आली. पंपाची बॉडी, कास्टिंग त्यांचं, मशिनिंग आमचं. दर चांगला होता. मी घरी पेढे नेले, दोन मशिनं कर्जानं घेतली. बोली ९० दिवसांची होती. पहिलं बिल १४० व्या दिवशी निघालं, तेही 'रिजेक्शन' म्हणून कापून. तोवर तीन पगार, वीजबिल आणि हप्ते मी बायकोच्या बांगड्यांवर काढले. माल खपत होता, नफा कागदावर होता, आणि मी पंपावर शंभराचं पेट्रोल भरत होतो.

आता कायदा आहे म्हणतील. आहेच की. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवसांची कमाल मुदत आहे, लेखी करार नसेल तर पंधराच दिवस. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात ४३बी(एच) पण आलंय, म्हणजे लहान उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. त्यानं थोडा फरक पडला. पण कायदा दाखवलास की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते. म्हणून कायदा काय म्हणतो ते मागनं बघायचं. आधी त्या गिऱ्हाइकाच्या जुन्या सप्लायरला चहा पाजायचा आणि विचारायचं, पैसे कधी येतात बाबा?

मांडे_पुरण | रविवार, सकाळी ७:४०

मी शहापूरची. घरातनं मांडे करून देते, लग्नसराईत आणि सणाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मांडा लाटत नाहीत, हातावर फिरवून कोपरापर्यंत मोठा करतात आणि पालथ्या खापरीवर टाकतात. कडेला हात लागला की संपलं. माझ्या उजव्या हातावर बघाल तर नकाशा आहे.

मागं पुण्याच्या एका प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. दहा दिवसांचा स्टॉल, रोज एवढे मांडे, भाडं त्यांचं. दीर म्हणाले, वहिनी सोडू नका. मी स्वतःला एवढंच विचारलं: मला ताप आला तर काय होईल? उत्तर सरळ होतं. मला ताप आला तर मांडे होत नाहीत. सुनेला अजून निम्म्या आकाराचाच जमतो. म्हणजे हा धंदा माझ्या हाताचा आहे, दुसरं कुणी चालवेल असा नव्हे. मी नाही म्हटलं. त्याऐवजी सुनेला खापरीपुढं बसवलं. तिचे फाटलेले मांडे आम्ही घरात दीड महिना दुधात कुस्करून खाल्ले.

तुमच्या युनिटात मशीन बिघडलं तर नीट करणारं कोण आहे? की ते पण तुम्हीच?

टोलनाका | रविवार, सकाळी ८:०२

मांडेताई, फाटलेले मांडे खपवायला आम्ही होतो की. एक हाक मारायची.

काळी_माती | रविवार, सकाळी ९:१५

तुम्ही सगळे नोकरदार आणि दुकानदार. प्रश्न विचारायची चैन शेतकऱ्याला कुठली? आम्ही रताळी लावतो. पाऊस आला की वेल लावायचा. नवरात्रात नि महाशिवरात्रीला उपासाच्या गिऱ्हाइकावर दर ठरतो, आपल्या हातात काय नसतंय.

तरी एक गोष्ट सांगतो. २०१० च्या आसपास इमू आला होता, आठवतंय? आमच्या चुलत्यानं बारा गुंठ्याला उंच जाळी मारली आणि पिल्लं आणली. पिल्लं देणारेच म्हणत होते, अंडी आम्ही घेतो, मोठे पक्षी पण आम्ही घेतो, तेल निघतंय, कातडं निघतंय, मांस निघतंय. चुलता हिशोब करून रात्री झोपेना. माझी काकी अडाणी. ती म्हणाली, "शनिवारच्या बाजारात हे मांस कोण घेतंय का ते बघून या." चुलता चिडला. हे बाजारातलं नव्हे, परदेशातलं आहे म्हणाला.

पुढं पिल्लं देणाऱ्यांचा फोन लागेना. पक्षी मात्र रोज खात होता. एक इमू जाळीवरनं गेला आणि दोन दिवस लोकांच्या उसात होता. राखणीला गेलेला पोरगा ओरडत गावात आला की उसात बाई हाय, मान लांब हाय.

तेव्हापासून आमच्या घरचा प्रश्न: ज्यानं मला हे विकलं त्याला सोडून दुसरं गिऱ्हाईक कोण?

टोलनाका | रविवार, सकाळी ९:२१

उसात बाई, मान लांब 😂 मेलो.

निपाणीकर_जुना | रविवार, सकाळी १०:५०

काळी_माती यांच्याशी सहमत, पण उलट्या बाजूनं. आमच्याकडं तंबाखूला गिऱ्हाईक भरपूर होतं, अडचण निराळीच होती. घेणारे व्यापारी मोजके आणि ते आपसात ठरवून दर काढणारे. माल एकदा कापून वाळवला की शेतकऱ्याला थांबता येत नाही. भाव पाडून मागतील तो घ्यायचा, वर सूट नि घट. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात निपाणीचे लोक पुणे-बंगळूर हायवेवर बसले ते यासाठीच. गोळीबार झाला, माणसं गेली. माझे वडील तिथं भाकऱ्यांची गाठोडी पोचवायला होते.

म्हणून 'गिऱ्हाईक आहे का' एवढं विचारून भागत नाही. दोन गिऱ्हाइकं एकमेकांशी भांडून माझा माल घेतील का? हे विचारा. एकच घेणारा असेल तर तुम्ही मालक नव्हे, त्याचे बिनपगारी नोकर.

कोथरूडचा_बेळगावी | रविवार, दुपारी १२:३०

राग मानू नका, पण हे सगळं वाचून वाटलं की आपली माणसं पुढं का जात नाहीत ते या धाग्यात आहे. प्रत्येकाकडं 'नको' म्हणायचं कारण तयार. मी २०१६ ला हातात काही नसताना पुण्याला आलो. एकच प्रश्न विचारला होता: सगळ्यात वाईट काय होईल, आणि ते मला सोसेल का? वाईटात वाईट म्हणजे परत टिळकवाडीत येईन आणि क्लासेस घेईन. सोसण्यासारखं होतं. आज बरं चाललंय.

रानजांभूळ, सहा लाख बुडाले तरी तुला नोकरी आहे. कर.

मांडे_पुरण | रविवार, दुपारी १२:५५

दादा, तुम्ही चोवीस वर्षांचे असाल तेव्हा, आणि तुमचे वडील कमावते होते. इथं म्हशी विकलेले पैसे आहेत. 'मला सोसेल का' हे ठीक. ज्यांचे पैसे आहेत त्यांना सोसेल का, हे त्यांनाच विचारायला नको?

कोथरूडचा_बेळगावी | रविवार, दुपारी १:०४

हम्म. वडील कमावते होते हे खरं आहे. तेवढं मागं घेतो.

दस्तऐवज | रविवार, दुपारी २:२०

मी एका सीएकडं वीस वर्षं कारकुनी करतोय, त्यामुळं मला कागद दिसतो. तीन गोष्टी.

पहिली. 'भागी' म्हणजे कसली? साधी पार्टनरशिप असेल तर १९३२ चा कायदा. तुझा वाटा २५ टक्के असला तरी फर्मच्या देण्याला तू पूर्ण जबाबदार, एकटा आणि सगळ्यांबरोबर मिळूनही. गंमत म्हणजे कलमाचा नंबरही २५ आहे. नफ्यात पाव आणि तोट्यात घराच्या उंबऱ्यापर्यंत. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली तर सहसा घातलेल्या पैशापुरतं राहतं. त्याला विचार, यातलं काय आहे? "ते नंतर बघूया की" म्हणाला तर ते पण एक उत्तरच.

दुसरी. शेड कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या कुठल्या बाजूला आहे? आपल्याकडं 'चंदगडच्या वाटेवर' म्हणजे कुठंही असू शकतं. पलीकडं असेल तर सातबारा, इकडं असेल तर कानडीतली पहाणी, आणि ती नीट वाचणारा माणूस बरोबर घेऊन जा. कर्ज नि सबसिडी युनिट ज्या जिल्ह्यात त्या जिल्ह्यातनं. मी असे तिघं बघितलेत ज्यांनी राहतो तिथं फाईल टाकली आणि वर्ष घालवलं.

तिसरी. नोंदणी झालेल्या युनिटनं शेतकऱ्याकडनं काजू बी घेतली की जीएसटी घेणाऱ्यानं भरायचा, रिव्हर्स चार्ज, ५ टक्के. पुढं क्रेडिट (वजावट) मिळतं, पण आधी खिशातनं जातात. निपाणीकर, तुमची तंबाखूची पानं पण त्याच यादीत आहेत.

हळदीकुंकू | रविवार, दुपारी २:४८

केंद्राच्या पीएमएफएमई योजनेतनं ३५ टक्के सबसिडी मिळते ना अन्नप्रक्रियेला? दहा लाखांपर्यंत. मग काय घाबरायचं?

दस्तऐवज | रविवार, दुपारी ३:०१

मिळते. पण ती हातात येत नाही. बँकेत बाजूला राहते, तीन वर्षं खातं नीट चाललं तर कर्जात वळती होते. म्हणून मी पार्टीला विचारतो: सबसिडी रद्द झाली असं धरलं तरी हे करणार काय? निम्मे लोक तिथंच उठतात.

रानजांभूळ | रविवार, दुपारी ४:१०

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतची उत्तरं देतो. गिऱ्हाईक: "गोव्यातली हॉटेलं, माझी ओळख आहे" असं तो म्हणतो. नावं सांगितली नाहीत. कागद: "तुझ्यामाझ्यात कागद कशाला दाजी" म्हणाला. शेड पलीकडं, महाराष्ट्रात. मशीन बिघडलं तर मी आहेच, मला वाटतं म्हणूनच मला विचारलंय.

आईला पण विचारलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तू हरभऱ्याच्या झाडावर चढलायस एवढं कळतंय."

टोलनाका | रविवार, दुपारी ४:१६

आता मस्करी बाजूला. दोनच गोष्टी विचार. त्यानं स्वतःचे रोख किती घातलेत? आणि उद्या तुला बाहेर पडायचं झालं तर तुझा हिस्सा कोण घेणार, कुठल्या भावानं? माझे चार लाख एका हॉटेलात असेच अडकलेत. हॉटेल चालतंय, मी तिथं बिल देऊन जेवतो.

घाटमाथा | रविवार, रात्री ९:३०

उशिरा आलो. माझं खानापूर तालुक्यात काजूचं युनिट आहे, अकरावं वर्ष. कुणी काजूबद्दलच विचारलं नाही म्हणून लिहितो.

काजू बी मार्च ते मे येते. तीन महिने. पहिला पाऊस पडला की बी काळी पडते, दर्जा गेला. म्हणजे वर्षभर युनिट चालवायचं तर वर्षाचा माल तुम्हाला त्या तीन महिन्यांत रोखीनं घेऊन, उन्हात वाळवून, गोदामात ठेवावा लागतो. नाहीतर मग आफ्रिकेची बी मंगळूरहून आणायची, तिथं दर तुमच्या हातात नाही आणि पैसे आधी.

आता तुझे सहा लाख धर. किलोला १३० धरून चाल. साधारण ४,६०० किलो बी. पोतं ८० किलोचं, म्हणजे ५७ पोती. लहान युनिट दिवसाला तीन पोती फोडतं. एकोणीस दिवस. एकोणीस दिवसांत तुझ्या आईच्या म्हशी संपल्या. पोत्याला १८ ते २० किलो गर मिळतो, बी चांगली असली तर. त्यातही अख्खा किती, पाकळी (अर्धा दाणा) किती, तुकडा किती यावर सगळं. २४० चा अख्खा (पौंडात २४० च्या आत दाणे) आणि तुकडा यांच्या भावात फार फरक. बॉयलरमध्ये वाफ जरा कमीजास्त झाली की फोडताना अख्ख्याची पाकळी होते. बोर्म्यातनं (गर वाळवायच्या भट्टीतनं) काढायला दहा मिनिटं उशीर झाला की पिवळा पडतो. टरफलाचं तेल बोटाची साल काढतं. आमच्याकडच्या बायका एरंडेल आणि राख लावून बसतात, तरी पहिल्या महिन्यात निम्म्या सोडून जातात.

हे भीती घालायला नाही. मी यावरच घर बांधलं. पण पहिली चार वर्षं माझं स्वतःचं युनिट मी चालवलंच नाही. दुसऱ्याची बी फोडून द्यायचो, मजुरीवर. बी त्याची, पैसा त्याचा, मला पोत्यामागं ठरलेलं. मग हळूहळू.

तुला चिठ्ठीवर लिहायचा प्रश्न पाहिजे ना? हा घे: आज जून आहे. गोदामात किती पोती आहेत? फोनवर विचारू नको, जाऊन बघ.

आणि ते मशीन कुठलं आहे बघून ये. या कटिंग मशिनांची ब्लेड झिजतात. नवीन लांबनं मागवावी लागतात, आणि ती येईपर्यंत आमच्या बायका हातानं फोडतात.

उद्यमबागी | रविवार, रात्री ९:५२

घाटमाथा, प्रतिसाद छापून शेडमध्ये लावण्यासारखा.

चहाबटर | रविवार, रात्री १०:०७

बुलेटचं काय झालं?

रानजांभूळ | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४५

जाऊन आलो. बुलेटवरनंच. (चहाबटर, विकायची नाही.)

शेड चांगली आहे, पत्रे नवीन. कटिंग मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, त्यावर कोंबडी बसलेली. तिनं तिथं अंडी पण घातली असावीत, कारण मी जवळ गेलो तशी अंगावर आली. गोदामात साडेचार पोती. अर्धं पोतं उंदरांनी फोडलेलं, जमिनीवर बी सांडलेली. मी एक दातानं फोडून बघणार होतो, तेल आठवलं आणि खाली टाकली.

"बी कुठली फोडणार?" म्हटलं. "येते की, बी काय कमी आहे काय." मग टोलनाकाचा प्रश्न विचारला, तुमचे रोख किती. तो बराच वेळ मोबाईल बघत राहिला. जागा वडिलांची, शेड नि मशिनं बँकेच्या कर्जाची. त्याचं स्वतःचं म्हणजे 'ओळख'. हप्ता ऑगस्टपासून सुरू. माझे सहा लाख कशाला पाहिजेत ते तिथं कळलं.

माणूस वाईट नाही हे पण लिहितो. जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यानं कुणाला फसवायचं ठरवलेलं नाही, त्याला स्वतःलाच हे प्रश्न कुणी विचारले नव्हते. मी त्याला घाटमाथांचं मजुरीवर फोडून द्यायचं सांगितलं. आधी तोंड वाकडं केलं, मग निघताना नंबर मागितला. घाटमाथा, देऊ का?

मेव्हणा बोलेना झालाय. होईल नीट.

निपाणीकर_जुना | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:१०

मेव्हण्याला गोकाकचा करदंट पाठवा.

मांडे_पुरण | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३२

करदंट कशाला, मांडे पाठवते. सुनेचे. आता अख्खे होतात.

घाटमाथा | पुढचा रविवार, रात्री ८:२०

नंबर दे त्याला. सीझन गेला, पण माझ्याकडं पंचवीस-तीस पोती जादा आहेत. फोडून दिली तर त्याचा बॉयलर तरी पेटेल.

रानजांभूळ | पुढचा रविवार, रात्री ८:४१

दिला. अजून एक. तुम्ही ब्लेडचं लिहिलं होतं. त्या मशिनावरचं एक मी खोलून बघितलं, कोंबडी बाजूला करून. प्रोफाइल अवघड नाही. आमच्या शेठना विचारून दुसऱ्या शिफ्टनंतर मशीन भाड्यानं मिळेल. वर्षाला किती लागतात तुम्हाला? तुमच्यासारखी युनिटं आसपास किती? हल्ली कुठल्या स्टीलची येतात, हार्डनेस किती?

आणि पैसे कितव्या दिवशी देणार?

टोलनाका | पुढचा रविवार, रात्री ८:४४

शिकला ओ पोरगा.

घाटमाथा | पुढचा रविवार, रात्री ९:०३

रोख. पण आधी दोन नग करून आण, झिजलेला एक मी नमुन्याला देतो. तुझं ब्लेड किती पोती फोडतं ते मोजू. तीनशे पोत्यांच्या आत गेलं तर पैसे नाही, चहा मिळेल.